टिक मारावी नेटकी

महिना संपत आलाय, उद्या ऑडिट आहे आणि शॉप फ्लोअरच्या रोजच्या चेकलिस्टला १ तारखेपासून कोणी हात लावलेला नाही? घाबरू नका. एक कटिंग मागवा, खुर्ची ओढा आणि महिनाभराची तपासणी चहा गार व्हायच्या आत उरका. पेनं मात्र दोन ठेवा, एक निळं, एक काळं. सगळे टिकमार्क एकाच शाईत, एकाच झोकात आले की ऑडिटरला फाईल उघडल्या उघडल्या कळतं. सुट्ट्याही आधी कॅलेंडरवर बघून घ्या. गणपती विसर्जनाला प्लांटला कुलूप होतं, त्याही दिवशी ‘सर्व कामगारांनी हेल्मेट घातले आहे : होय’ असं लिहिणारे महाभाग आहेत.

फायर सिलिंडरच्या ओळीत ‘काटा हिरव्या पट्ट्यात’ असं छापलेलं असतं. एबीसी पावडरच्या सिलिंडरला दाब दाखवणारा गेज असतो, तिथे खुशाल टिक करा. पॅनल रूममधल्या सीओटू सिलिंडरला गेजच नसतो. तो वजन करून तपासायचा असतो आणि आतला वायू १० टक्क्यांहून जास्त घटला असेल तर भरायला पाठवायचा असतो. पण वजनकाटा स्टोअरमध्ये आणि स्टोअरवाला जेवायला! तेव्हा सीओटूचाही काटा हिरव्यातच असू द्या.

बेंच ग्राइंडरचा टूल रेस्ट (घासायचा तुकडा, म्हणजे जॉब, टेकवायची पट्टी) आणि व्हील यांत ३ मिमीपेक्षा जास्त फट नको. व्हील झिजतं तशी फट वाढते, जॉब आत ओढला जाऊन अडकतो आणि व्हील फुटतं. रेस्ट पुढे सरकवायचा तर बोल्ट ढिले करावे लागतात. टिक मारायला पाना लागत नाही.

वीज गळली की लाइन तोडणाऱ्या ईएलसीबीचं टेस्ट बटण तर चुकूनही दाबू नका. लाइन ट्रिप झाली तर प्रॉडक्शनवाले डोक्यावर येऊन बसतील. ३० मिलिअँपिअरला तुटायला हवं ते आतून जाम झालंय का, हे ओल्या फरशीवर ड्रिल धरलेला हेल्पर सांगेलच.

पण खरा कस लागतो ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाच्या, टाकीत माणूस उतरवताना. उतरायच्या परमिटवर ऑक्सिजनचा आकडा लागतो, १९.५ ते २३.५ टक्क्यांमधला. मीटर मॅनहोलच्या तोंडाशी धरा, तिथे बाहेरच्या हवेचे २०.९ हमखास मिळतात. नळी सोडून वर, मध्ये आणि तळाशी अशी तीनदा तपासणी करायची म्हणतात, कारण हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, तळाला बसतो आणि गाळ ढवळला की आणखी सुटतो. एवढा वेळ कोणाला? सडक्या अंड्यांचा वास आधी आला आणि मग येईनासा झाला, तर गॅस निघून गेला असं समजा. (गॅस तिथेच असतो. गेलेलं असतं ते नाक.) आत ताजी हवा सोडणारा ब्लोअर दुसऱ्या साइटवर गेलाय, माणसाला वर ओढायचा ट्रायपॉड अजून खोक्यात आहे, दोन्ही रकाने ‘होय’. तोंडाशी लक्ष ठेवणारा स्टँडबाय म्हणून कंत्राटदाराच्याच माणसाचं नाव टाका आणि त्याला पलीकडे पाइप उचलायला पाठवा. आतला कोसळला की तो धावत येतो आणि मास्कशिवाय पाठोपाठ उतरतो. म्हणून परमिटवर दोघांचीही नावं शुद्ध लिहा, पुढच्या कागदांना तीच लागतात.

त्यानंतरच्या अहवालात ‘मूळ कारण’ या रकान्यात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ लिहा. ब्लोअर कुठे होता हे विचारणारा रकाना त्या फॉर्मात बहुधा नसतोच. सुधारणा म्हणून चेकलिस्टमध्ये एक मुद्दा वाढवा, ‘कामगारास समज दिली आहे काय?’ आणि नव्या फॉरमॅटच्या झेरॉक्स काढताना ‘होय’वरची टिक छापूनच घ्या, म्हणजे सुपरवायझरला नुसती सही करावी लागेल.