पावडर, पंप आणि पेट्रोल: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. सूर चिडका आहे, पण त्यात मुद्दे आहेत, त्यामुळे 'धन्यवाद' म्हणून बोळवण करत नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मोटारसायकल धुण्यावरच्या लेखात मी तीन गोष्टी टाळा म्हटलं होतं: कपड्यांची पावडर, जवळून मारलेला प्रेशरचा पंप आणि चेनसाठी पेट्रोल. तुमचं म्हणणं, हे हौशी लोकांचे नखरे आहेत. वीस वर्षं याच तिन्हींवर तुम्ही गाडी सांभाळली, चेन तर इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून फडक्याने पुसता, आणि आजवर काही बिघडलं नाही. आता घेतलेल्या मॅट काळ्या गाडीवर सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवायचा पारदर्शक कडक थर) करून टाकलं की विषयच मिटेल. आणि वर टोमणा: 'पुसतच बसलात तर चालवणार कधी?'

टोमण्यापासूनच सुरुवात करतो, कारण तिथे आपलं एकमत आहे. उठसूट गाडी पुसणाऱ्यांचा मलाही वैताग येतो. सकाळी निघताना कोरडं फडकं घेऊन टाकीवरून चार हात मारायचे, ही सवय रंगाचं जेवढं वाटोळं करते तेवढं नुसती धूळ कधीच करत नाही. धुळीत वाळूचे बारीक कण असतात. ते टाकीवर पडून आहेत तोवर निरुपद्रवी. फडक्याखाली दाबून फिरवले की चरे काढतात. टाकीवर मोबाईलचा टॉर्च धरून बघा, उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतील. चरे खरं म्हणजे सगळ्या दिशांना असतात, पण उजेडाला आडवे येणारे तेवढेच चमकतात, म्हणून सगळी नक्षी गोल भासते. तेव्हा धुळकट गाडी खुशाल चालवा. धुवायची त्या दिवशी मात्र आधी भरपूर पाणी ओतून कण वाहून जाऊ द्या, मगच हात लावा. बादल्या दोन घ्या: एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत नुसतं पाणी. कापड आधी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवायचं. टाकी आधी, चाकं आणि इंजिनची खालची बाजू शेवटी, आणि त्यांचं फडकं वेगळं. एवढं केलंत तर वर्षानुवर्षं पॉलिशची बाटली उघडावी लागणार नाही.

आता तुमची वीस वर्षं. ती मी खोटी ठरवत नाही. पण तो अनुभव ज्या गाडीवर आला ती आणि आता तुम्ही घेतली आहे ती, यांत फरक आहे, आणि माझा आक्षेप त्या फरकापुरताच आहे.

चेनचंच घ्या. जुन्या साध्या गाड्यांची चेन म्हणजे आत रबराच्या रिंगा नसलेली, वरून पत्र्याचं पूर्ण कव्हर. मेकॅनिक ती काढायचा, पेट्रोलमध्ये किंवा रॉकेलमध्ये खळखळून धुवायचा, वाळवायचा आणि ऑइल किंवा गरम ग्रीस पाजून परत चढवायचा. त्या चेनसाठी ते बरोबरच होतं. कड्यांच्या सांध्यातली पिन आणि तिच्यावरची नळी (बुश) यांच्यामध्ये वंगण पोचवायला दुसरा मार्ग नव्हता. आजही ज्या छोट्या गाड्यांना अशी बिनरिंगची चेन आहे, त्यांना तुमची पद्धत लागू आहे. ओ-रिंगच्या चेनमध्ये हेच ग्रीस कारखान्यात भरून, आतल्या आणि बाहेरच्या पट्टीच्या मधे रबराची रिंग दाबून बंद केलेलं असतं. बाहेरून कितीही स्प्रे मारा, तो तिथवर जात नाही आणि जायची गरजही नाही. बाहेरचं वंगण फक्त रोलर, स्प्रॉकेटचे (चेन जिच्यावर फिरते त्या दातेरी चकतीचे) दात आणि त्या रिंगा यांच्यासाठी, आणि गंज धरू नये म्हणून. पेट्रोल या रबराला आधी फुगवतं, नंतर कडक करतं. तारेचा ब्रश ते ओरबाडतो. रिंग गेली की ग्रीस बाहेर आणि पाणी आत. मग कधीतरी एका कडीच्या पट्ट्यांमधून विटकरी भुकटी डोकावायला लागते, आणि ती कडी स्प्रॉकेटवरून उतरली तरी सरळ होत नाही, दुमडलेलीच राहते. मागचं चाक हाताने फिरवलंत तर चेन एका जागी ताणलेली आणि पुढे ढिली लागते. त्या अवस्थेत धुऊन काही होत नाही. चेन बदलायची, आणि बदलायची तर दोन्ही स्प्रॉकेटसकट.

तुमच्या गाडीला कोणती चेन आहे ते बघायला गॅरेज लागत नाही. बाजूने वाकून पट्ट्यांच्या फटीत बघा. काळ्या रिंगा दिसल्या तर पेट्रोल बंद. रॉकेल चालतं, कित्येक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्येच तसं लिहिलेलं असतं. चेन त्यात भिजत घालू नका. फडकं किंवा मऊ ब्रश ओला करून पुसा आणि लगेच कोरडी करा. महागड्या बाटल्यांवर तुमचा राग आहे, तर हेही सांगतो की बऱ्याच मॅन्युअलमध्ये चेनला एसएई ८० किंवा ९० चं गिअर ऑइल चालतं असं म्हटलेलं आहे. ते उडतं जास्त आणि रिम घाण करतं, पण काम चोख करतं. गाडी फिरवून आणल्यावर चेन कोमट असताना, खालच्या फेरीच्या आतल्या बाजूने लावा. चेन फिरते तसं ते आपोआप बाहेर सरकतं. थोडा वेळ मुरू द्या आणि वरचं पुसून टाका, कारण चिकट चेनवर वाळू बसते. साधारण ५०० ते १००० किलोमीटरला एकदा, आणि पावसातून आल्यावर हिशोब न करता. स्प्रे वापरत असाल तर मागे पुठ्ठा धरा. टायरवर किंवा डिस्कवर उडालेलं वंगण पुढच्या वेळी ब्रेक दाबल्यावरच कळतं.

इंजिन चालू ठेवून चेन पुसणं. यावर मी हुज्जत घालणार नाही, एवढंच सांगतो की उद्यापासून बंद करा. फडक्याचा एक धागा दातात सापडला की फडकं, आणि त्याबरोबर बोट, चेन आणि स्प्रॉकेटच्या मधे जातं. न्यूट्रलमधल्या गाडीचं चाक हाताने फिरवायला जो जास्तीचा वेळ लागतो त्यासाठी कुणी बोट पणाला लावत नाही. अशाने बोटं गेलेल्यांचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. 'आजवर झालं नाही' हे तेही म्हणत होते. सेंटर स्टँड किंवा मागचं चाक उचलून धरणारा पॅडॉक स्टँड लावा, इंजिन बंद, चावी खिशात.

पंपाचं मात्र थोडं वेगळं आहे. इथे जुनी-नवी असा भेद कमी आहे आणि तुमच्या 'काही बिघडलं नाही'बद्दल मला सगळ्यात जास्त शंका इथेच आहे. चाकाच्या बेअरिंगचं सील, स्टिअरिंगच्या बेअरिंगचं सील, स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) पिव्हटचं सील ही सगळी पावसाचे शिंतोडे आणि धूळ अडवायला बनवलेली असतात. वीतभर अंतरावरून नेमकी तिथेच बारीक धार मारली तर सीलची पातळ कड उचलली जाते आणि पाणी आत शिरतं. त्या दिवशी काहीच होत नाही. ग्रीस हळूहळू पांढरट होतं, गंज धरतो, आणि काही महिन्यांनी हँडल सरळ धरला की मधोमध एक खाच लागल्यासारखं वाटतं. तेव्हा आपण रस्त्यातल्या खड्ड्यांना शिव्या देतो, धुलाईची आठवणही होत नाही. पुढचं चाक अधांतरी करून हँडल अगदी हळू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला न्या. मध्यावर तो किंचित अडला तर बेअरिंग पोखरलं आहे. नव्या गाडीत याच्या जोडीला रेडिएटरच्या नाजूक पट्ट्या, एबीएसचे (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर आणि वायरिंगचे कनेक्टर आले. पंप वापरायचाच तर लांबून, पसरट फवाऱ्याने, आणि चाकांच्या मध्यावर, हँडलखाली, सायलेन्सरच्या तोंडात व स्विचवर मुळीच नको. तापलेल्या इंजिनवर तर कुठलंच पाणी नको. धुऊन झाल्यावर हळू चालवत ब्रेक दोनचारदा दाबून कोरडे करून घ्या.

पावडरीचं लवकर आटोपतो. तिच्यात सोडा असतो, म्हणजे ती चांगलीच अल्कधर्मी असते. कपड्यातलं तेल काढण्यासाठी ते हवंच. गाडीवर तेच वॅक्सचा थर काढून टाकतं आणि उघड्या अॅल्युमिनियमवर राहिलं तर ते पांढरट, निस्तेज करतं. न विरघळलेले दाणे घासले जातात ते वेगळंच. एकदा वापरलीत म्हणून आकाश कोसळत नाही, पण वाहन धुण्याचा साधा न्यूट्रल शाम्पू असताना तिचा हट्ट कशाला, हे मला कळत नाही.

राहता राहिलं सिरॅमिक. कोटिंगच्या जाहिरातीतलं 'नाइन-एच' ऐकून लोकांना हिऱ्याच्या आसपासचं काहीतरी वाटतं. तो आकडा पेन्सिलीच्या कडकपणाच्या चाचणीचा आहे: नाइन-एच पेन्सिलीने ओरखडा उठला नाही, एवढाच त्याचा अर्थ. रस्त्यावरची खडी आणि वाळू पेन्सिलीपेक्षा कितीतरी कठीण असते. कोटिंगमुळे पाणी झरझर ओघळतं, चिखल सहज सुटतो, पक्ष्यांची घाण रंगात मुरायच्या आत पुसायला थोडी सवड मिळते; हे फायदे खरे आहेत. धुणं त्याने सुटत नाही, आणि उडालेल्या खड्यापासून वाचायचं तर पारदर्शक फिल्म लागते.

तुमची गाडी मॅट आहे, म्हणून एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. चकाकत्या रंगावरचा बारीक चरा रबिंगने घालवता येतो, कारण वरच्या पारदर्शक थराचा अगदी पातळ पापुद्रा काढून तो सपाट करता येतो. मॅट पृष्ठभाग मुद्दामच खडबडीत केलेला असतो. तो घासलात की तेवढाच भाग चमकायला लागतो आणि तो डाग परत जात नाही. पूर्ण पार्ट रंगवणं हाच उपाय उरतो. त्यामुळे तुमच्या टाकीवर पॉलिश, वॅक्स, कंपाउंड काहीच नको. कोटिंग करायचंच असेल तर मॅटसाठीचंच करा, आणि लावण्याआधी 'पेंट करेक्शन' म्हणून कुणी टाकीवर मशिन फिरवू पाहिलं तर हात धरा. शाम्पू घेतानाही बाटलीवर वॅक्स किंवा ग्लॉस असं काही लिहिलेलं नाही ना, तेवढं बघून घ्या.