घरांमधला रस्ता धावपट्टी नव्हे!

पुन्हा एक नवं लेआउट, पुन्हा तीच चूक. भूखंड पाडायचे आणि मधून सरळसोट, रुंद रस्ता ओढायचा. का? तर 'मानकात आहे'. अरे, या रस्त्यावर मुलं खेळणार आहेत, म्हातारी माणसं चालणार आहेत! चालक पाटी बघून नाही, रस्ता बघून वेग धरतो. मोकळा पट्टा दिसला की पाय आपोआप दाबला जातो. आणि वेग ताशी ३० वरून ५० किलोमीटर झाला की धडकेतली ऊर्जा सुमारे पावणेतीन पट होते. हे शाळेतलं भौतिकशास्त्र आहे!

कोपऱ्यांचं तर विचारूच नका. वळणाची त्रिज्या ठरवायची क्वचित येणाऱ्या मोठ्या ट्रकसाठी, मग रोजच्या गाड्या वेग न मोडता वळणारच. अग्निशमन गाडी यायला हवी, शंभरदा मान्य. पण तिचं चाक वरून जाईल आणि रोजच्या गाड्या मात्र टाळतील असा कमी उंचीचा, खडबडीत पट्टा कोपऱ्यावर करता येतोच की!

सगळ्यात जास्त चीड येते ती बंद गल्लीची. शेवटी कुंपण, पलीकडे शाळा. १९२९ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सीत रॅडबर्न ही वसाहत वसवली, तेव्हा बंद गल्ल्यांना पायवाटांची जोड दिली होती. आपण गल्ली तेवढी उचलली, पायवाट गाळली! दोन भूखंडांमध्ये दोन-तीन मीटरची पट्टी सोडली असती तर पोरांना मोठ्या रस्त्याने वळसा पडला नसता. ती नकाशावरच सोडावी लागते. भूखंड विकल्यावर कोण देणार?