मोलेच्या मुलांना विकासविरोधी म्हणणाऱ्यांना

‘ही पोरं आंदोलनाच्या नावाखाली विकास अडवतात’ हे गोव्यातलं मोले अभयारण्य वाचवायला धडपडणाऱ्या मुलांबद्दल वाचून राहवलं नाही. मोलेत नेमकं काय झालं ते तरी बघा. एप्रिल २०२०, सगळे घरात कोंडलेले, आणि तेव्हाच व्हिडिओ बैठकीत अभयारण्यातल्या दोन प्रकल्पांना मंजुरी दिली गेली: महामार्गाचं रुंदीकरण आणि उच्चदाबाची वीजवाहिनी. रेल्वेच्या दुपदरीकरणाला तर त्याआधीच, डिसेंबर २०१९ मध्ये मंजुरी मिळाली होती. गवा, बिबट्या, शेकरू यांच्या वाटेवर एक नाही, तीन अडथळे!

या पोरांनी नुसत्या घोषणा दिल्या नाहीत. पर्यावरण अहवाल ओळ न् ओळ वाचून काढले, चुका दाखवल्या, चित्रं काढून गावोगावी समजावलं. नोव्हेंबर २०२० मध्ये गोव्यातल्या चांदोर गावात लोक रात्रभर रुळांवर बसले, त्यात म्हातारी माणसंही होती. रुळालगतच्या घरांत मालगाड्यांतल्या कोळशाची काळी भुकटी खिडकीच्या गजांवर बसते, ती रोज पुसणाऱ्यांना हा मार्ग कोणासाठी दुपदरी होतोय ते सांगावं लागत नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या कॅसलरॉक ते कुळे रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. म्हणजे मुलांचे आक्षेप पोकळ नव्हतेच. टीका जरूर करा, पण आधी तो निकाल वाचा.