‘घाईघाईत मुंबई दाखवली आणि दोन तास आधीच टर्मिनलवर सोडलं’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला. त्या दिवशीच्या ड्रायव्हरशी आणि गाइडशी बोलून मगच हे लिहितेय. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. नाशिकहून पंचवटी एक्सप्रेसने आलेलं सहा जणांचं कुटुंब सकाळी अकराला सीएसएमटीहून आमच्या गाडीत बसलं. संध्याकाळी गोव्याच्या क्रूझवर चढायचं होतं, त्याआधी मुंबई बघायची होती. तक्रारी अशा: आईंना गेटवेपर्यंत उन्हात चालावं लागलं, हँगिंग गार्डन दाखवलंच नाही, ‘मैदानात पाऊण तास उभं करून नुसत्या इमारती दाखवल्या’, थाळीऐवजी हातात पाकिटं दिली, आणि एवढी धावपळ करून शेवटी क्रूझच्या टर्मिनलवर दोन तास आधी नेऊन सोडलं.

आधी आईंचं. गेटवेच्या समोर गाडी उभी करू देत नाहीत, आणि आत जाताना तपासणीची रांग असते. आम्हाला हे रोजचंच आहे, तुम्हाला ते कुणीतरी सांगायला हवं होतं. बुकिंग करताना तुम्ही आईंचं वय 72 आणि गुडघेदुखी, दोन्ही लिहिलं होतं. ती नोंद गाइडपर्यंत पोचवणं माझं काम होतं, ते माझ्याकडून राहिलं. व्हीलचेअर गाडीत असायला हवी होती. आईंची मी मनापासून माफी मागते.

हँगिंग गार्डनबद्दल. मरीन ड्राइव्हवर गाड्या जागच्या हलेनात, तेव्हा गाइडने मला फोन केला आणि मलबार हिलवरची ही बाग सोडून द्यायचं ठरलं. ठरवलं ते बरोबर होतं असं मला आजही वाटतं. पण तुम्हाला न विचारता, न सांगता ठरवलं, ही चूक झाली.

मैदानाबद्दल मात्र मला माझ्या गाइडची बाजू घ्यायची आहे. ओव्हल मैदानाच्या मधोमध तो तुम्हाला पाऊण तास नाही, वीस मिनिटं घेऊन उभा होता, आणि ती जागा आम्ही मुद्दाम निवडली आहे. पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, एकोणिसाव्या शतकातली, टोकदार कमानींची गॉथिक मुंबई. पश्चिमेला समुद्रात भराव घालून मिळवलेल्या जमिनीवरच्या, विसाव्या शतकातल्या, गोलाकार बाल्कन्यांच्या आर्ट डेको शैलीतल्या इमारती. 2018 साली युनेस्कोने या परिसरातल्या 94 इमारती जागतिक वारसा म्हणून जाहीर केल्या. राजाबाई टॉवर 1878 साली पूर्ण झाला. प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी देणगी दिली आणि त्याला आपल्या आईचं, राजाबाईंचं नाव दिलं. एका जागी उभं राहून, मान वळवली की शहराची दोन शतकं दिसतात, अशी जागा मुंबईत मला दुसरी माहीत नाही. हाताशी तीनच तास असले तर मी बागेआधी हेच दाखवीन. फक्त तिथे सावली कमी आहे, तेव्हा वयस्कर मंडळी असतील तर यापुढे छत्र्या आणि घडीच्या खुर्च्या बरोबर असतील.

आता टर्मिनलचं. तुमचं म्हणणं खरं आहे, क्रूझचं टर्मिनल आहे ते बॅलार्ड पिअर गेटवेपासून अगदी जवळ आहे. तुमचं चेक-इन चारला बंद होणार होतं आणि आम्ही दोनला सोडलं. ही वेळ मी कमी करणार नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याच एका कुटुंबाने ‘आमचं आम्ही जातो’ म्हणून फोर्टातून टॅक्सी केली. बरोबरच्या आजोबांनी ड्रायव्हरला सांगितलं, गोव्याची बोट. त्यांच्या तरुणपणी कोकणची, गोव्याची बोट माझगावच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटायची, म्हणून टॅक्सी सरळ तिकडेच गेली. तिथून पी. डिमेलो रोडच्या ट्रकच्या गर्दीतून परत येईपर्यंत चेक-इन बंद झालं होतं. जहाज धक्क्यालाच होतं, पण त्यांना चढता आलं नाही. त्या आजोबांचा चेहरा मी विसरलेले नाही. सामानाची तपासणी, ओळखपत्रं, एखाद्याच्या नावातली चूक, या सगळ्याला वेळ लागतो, आणि चेक-इन कुणासाठी थांबत नाही. तुमचं काम लवकर आटोपलं म्हणून बसावं लागलं, हे मला कळतं. तरी पुढच्या पाहुण्यांनाही मी याच हिशेबाने नेईन. मात्र हा हिशेब सकाळी गाडीत बसतानाच सांगितला जाईल.

जेवणाबद्दल काही सांगण्यासारखं नाही. थाळी कबूल केली होती, सँडविच आणि वडापाव दिला. सहा जणांचे 2,400 रुपये आज दुपारी तुमच्या खात्यावर परत पाठवले आहेत. आमच्या क्रूझच्या दिवसाच्या कार्यक्रमातून हँगिंग गार्डन काढलं आहे, आणि गेटवेला किती चालावं लागतं तेही त्यात लिहिलं आहे. सोमवारपर्यंत पैसे जमा झाले नाहीत तर बुकिंगच्या पावतीवर माझा नंबर आहे, थेट मलाच फोन करा.