‘इंग्रजांनी हिसकावलेली शस्त्रं परत द्या’ वाल्या फॉरवर्डबद्दल

सध्या हे फॉरवर्ड सगळीकडे फिरतंय. म्हणणं थोडक्यात असं की शस्त्र बाळगणं हा आपला मूळ हक्क, इंग्रजांनी 1878 ला तो काढून घेतला, गांधीजींनीसुद्धा त्याला सगळ्यात काळं कृत्य म्हटलं, स्वतंत्र भारतानेही तो परत दिला नाही, आणि अमेरिका-स्वित्झर्लंडमध्ये घरोघरी बंदूक म्हणून लोक सुरक्षित, तर आता लायसन्सची भानगड बंद करा. यातलं अर्धं खरं आहे, म्हणून तर पटकन पटतं.

1878 चा कायदा होता आणि वाईटच होता, व्हाइसरॉय लिटनच्या काळातला, आपल्याला परवाना लागायचा आणि गोऱ्यांना सूट. गांधीजींचं वाक्यही खरं. पण ते 1918 चं आहे, खेडा जिल्ह्यात इंग्रजांच्या फौजेत भरती व्हा म्हणून काढलेल्या पत्रकातलं, आणि त्यात पुढे लगेच म्हटलंय की शस्त्रबंदी उठायला हवी असेल तर अडचणीच्या वेळी सरकारला मदत करा. कपाटात पिस्तूल ठेवा असं कुठेही नाही. पुढची ओळ कापली की फॉरवर्ड तयार!

‘परत दिला नाही’ हे तर असं सांगतात जणू कोणाच्या लक्षातच आलं नाही. अहो, काँग्रेसच्या 1931 च्या कराची ठरावात हा हक्क होता, तोही ‘नियमांच्या अधीन’. डिसेंबर 1948 ला घटना समितीत ह. वि. कामतांनी तो मूलभूत हक्कांत घालायची दुरुस्ती मांडली, रीतसर चर्चा झाली, बाबासाहेबांनी विरोध केला. सरसकट सगळ्यांना असा हक्क कसा देणार, आणि आता आपलं राज्य आहे तर शस्त्र उचलण्याच्या हक्कापेक्षा कर्तव्याचा आग्रह धरायला हवा, असा त्यांचा मुद्दा. दुरुस्ती पडली. म्हणजे विचार करून नाकारलेली गोष्ट आहे ही. उलट कलम 19 मध्ये एकत्र जमायचा हक्कसुद्धा ‘शांततेने व विनाशस्त्र’ असाच आहे.

अमेरिकेचं बघू. 2008 च्या हेलर खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने घरात स्वसंरक्षणासाठी हँडगन ठेवायचा व्यक्तीचा हक्क मान्य केला, पण त्याच निकालात लिहिलंय की हा हक्क अमर्याद नाही, गुन्हेगार, मनोरुग्ण, शाळा, सरकारी इमारती यांवरची बंधनं चालतील. आणि सुरक्षित? 2021 मध्ये तिथे बंदुकीने 48,830 माणसं गेली, त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या. घरातली बंदूक सगळ्यात आधी घरातल्याच माणसाच्या हाताला लागते, हे फॉरवर्डमध्ये कोण लिहिणार.

स्वित्झर्लंडमध्ये अनेकांच्या घरी असते ती लष्कराची रायफल, कारण पुरुषांना सैनिकी सेवा सक्तीची आहे, आणि 2007 नंतर लष्कर तिच्या गोळ्या सहसा घरी ठेवायला देत नाही. हँडगन घ्यायला परमिट लागतं, ती भरून सोबत घेऊन रस्त्यावर फिरायला वेगळा परवाना, परीक्षेसकट. म्हणजे लायसन्स बंद करा म्हणणाऱ्यांनी उदाहरण दिलंय ते लायसन्सवाल्या देशाचं!

आता खरा जोरदार मुद्दा : गुंडाकडे गावठी कट्टा असतोच, मग साध्या माणसाने काय करायचं? कट्टे आहेत, जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याच्या पलीकडे मध्य प्रदेशातल्या उमर्टीहून ते पुण्यापर्यंत येतात आणि त्याचा बंदोबस्त पोलिसांनी करायचाच आहे. पण म्हणून लायसन्सचं हत्यार सुरक्षित असं नाही हो. फेब्रुवारी 2024 ला दहिसरला फेसबुक लाइव्ह चालू असताना एका माजी नगरसेवकाचा खून झाला, ते पिस्तूल आरोपीच्या बॉडीगार्डच्या नावावरचं परवान्याचं होतं. बीडमध्ये तर बाराशेच्या वर परवाने निघाले, मस्साजोगच्या सरपंचाच्या खुनानंतर गदारोळ झाला तेव्हा कुठे छाननी सुरू झाली, तोवर कमरेला पिस्तूल लावून रील काढणं आणि हवेत बार उडवणं चाललंच होतं. लायसन्स असून ही तऱ्हा, तर नसल्यावर?

एक तक्रार मात्र शंभर टक्के मान्य. पुढाऱ्याच्या मागेपुढे करणाऱ्याला परवाना पटकन आणि खरोखर धमकी आलेल्या व्यापाऱ्याची फाइल टेबलावर पडून. पण त्यावर इलाज 1959 च्या शस्त्र कायद्यातच आहे, परवाना नाकारला तर कारण लेखी मागता येतं, कलम 18 खाली अपील करता येतं, आणि फक्त मालमत्ता नाही म्हणून नकार देता येत नाही. फॉरवर्डच करायचं असेल तर हे करा की.