तालीम म्हणजे शिक्षणच

लखनौकडचे एक पाहुणे आमच्या घरी आले होते. आजोबांना त्यांनी अदबीनं विचारलं, "आपकी तालीम कहाँ हुई?" आजोबा ताठ बसून म्हणाले, "गंगावेशला." पाहुण्यांनी शिक्षण विचारलं होतं, आजोबांनी कोल्हापुरातली आपली कुस्तीची तालीम सांगितली. घरातले हसले. मी लहान होतो, मीही हसलो. आज वाटतं, आजोबांनी अगदी बरोबर उत्तर दिलं होतं.

शब्द मूळचा अरबी. इल्म, उलेमा, मालूम ही सगळी त्याची भावंडं, एकाच 'जाणणे' या धातूची. अरबीत 'अलिम' म्हणजे त्यानं जाणलं आणि मधला 'ल' दुहेरी करून 'अल्लम' म्हणजे त्यानं दुसऱ्याला जाणतं केलं. तालीम या दुसऱ्या रूपातून आली. याच धातूतला गुरुजी पूर्व आफ्रिकेत जाऊन स्वाहिलीत 'म्वालिमू' झाला. टांझानियाचे पहिले अध्यक्ष न्येरेरे मूळचे शिक्षक, त्यांना सगळा देश म्वालिमू म्हणायचा. तुर्कीत तालीम म्हणजे सैनिकांची कवायत. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्यात मांडलेली 'नई तालीम' तर हातानं काम करत शिकण्याचीच होती.

मराठीत या शब्दाला माती लागली. परवा एक विद्वान गृहस्थ म्हणाले, "शिक्षणाच्या शब्दाचा तुम्ही आखाडा केलात." ते मला लागलं. तालमीत कधी पहाटे जाऊन बघा. पोरं आधी हौदा, म्हणजे कुस्तीची मातीची जागा, खणतात. ताक, तेल, हळद, लिंबू पोटात घेतलेली ती लाल माती. मग जोर, बैठका, मग लढती. वस्ताद (हा फारसी उस्ताद, म्हणजे गुरूच) फार बोलत नाहीत. ढाक हा डाव कसा लागतो हे तोंडी कितीही सांगा, कळत नाही; ते पोराचा हात धरतात, कंबर वळवून देतात, पाडतात, उठवतात, पुन्हा पाडतात. एके दिवशी त्याचं अंग आपणहून वळतं. दुसऱ्याला जाणतं करणं याहून वेगळं काय असतं?

आणि फक्त कुस्तीच कशाला? आमचं कुस्तीचं खासबाग मैदान १९१२ चं, शेजारचं पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५ चं. दोन्ही शाहू महाराजांनी उभी केली. नटही तालमी करतात, मल्लही. तोच शब्द, तीच घोकणी. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचा हुकूम काढणारेही महाराजच. पुस्तक आणि माती यांत त्यांनी भांडण लावलं नाही, आपण का लावावं?

आमच्याकडे तर फुटबॉलचा संघसुद्धा तालीमच. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम. बाहेरच्याला गंमत वाटते. पण पेठेतल्या पोरांना एकत्र आणून शिस्तीत घडवायची जागा ती तालीम, मग तिथं चेंडू असो की मुद्गल.

हे सगळं आज लिहायचं कारण, आमच्या गल्लीतल्या तालमीची पाटी बदलून 'फिटनेस सेंटर' करायचं घाटतंय. रविवारी संध्याकाळी बैठक आहे. मशिनी आणा, आरसे लावा, माझी काही हरकत नाही. पाटीवरचा शब्द मात्र राहू द्या, एवढं सांगायला मी जाणार आहे. पेठेतल्या जुन्या मल्लांनीही यावं, ही विनंती.