६ वर्षांत ६ वेळा 'चेक्ड ओके', ब्रेक ऑइल मात्र कंपनीतून आलं तेच!

डोकं फिरलंय नुसतं. आमची गाडी वर्षाला जेमतेम १,८०० किमी चालते, मी इथेच नाशिकमध्ये अंबडला कामाला बाईकवर जातो, गाडी म्हणजे रविवारी आईला घेऊन सोमेश्वर नाहीतर कधीतरी सिन्नरला मामाकडे, बाकी दिवस इंदिरानगरला पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी. तरी दरवर्षी न चुकता सर्व्हिसिंग करतो, आणि त्यावरून सोसायटीतले एक काका मला येड्यात काढतात, "अरे दोन हजार पण झाले नाहीत आणि ऑइल काय बदलतो, पैसे जास्त झालेत का". काका, गाडीच्या पुस्तकात लिहिलंय १०,००० किमी किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते. आमचं दरवेळी वर्षच आधी होतं!

आणि कमी चालणाऱ्या गाडीचं ऑइल चांगलं राहतं हा शोध कुणी लावला? घरून मुंबई नाक्यापर्यंत जायचं तर इंजिन नीट तापायच्या आत पोचतो पण. मग आत जमलेलं पाणी उडून जातच नाही, थोडं पेट्रोलही ऑइलमध्ये उतरतं. पावसाळ्यात ऑइल भरायचं झाकण उघडलं तर आतून पिवळट साय धरलेली, दुधावर धरते तशी. काकांना मुद्दाम बोलावून दाखवली. म्हणे "पुसून टाक". पुसून टाक!! आता बोला.

पण काकांचं जाऊ दे, ते निदान फुकट बोलतात. पैसे घेऊन येड्यात काढणाऱ्यांचं काय करायचं?

मागच्या महिन्यात सप्तशृंगी गडावर गेलो होतो. उतरताना नांदुरीच्या वरच्या वळणांवर पुढे एसटी, सारखा ब्रेक दाबत होतो (चूक माझीपण आहे, आधीपासूनच सेकंडला ठेवायला पाहिजे होती), आणि एकदम पेडल मऊ पडलं, पाय आपला खाली खाली चाललाय. मागे आई, बायको, पोरगं. गिअर खाली टाकला, हँडब्रेक जरा जरा ओढत कशीबशी कडेला घेतली. अर्ध्या तासाने ब्रेक परत ठीक, जसं काही झालंच नाही. आई तोपर्यंत देवीला दुसरा नवस बोलून मोकळी.

घरी आल्यावर सगळी बिलं काढून बसलो. एसी डिसइन्फेक्टंट आहे, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग आहे, इंजिन ड्रेसिंग तर दरवर्षी आहे, म्हणजे बॉनेटखाली चकचकीत पाणी मारायचे पैसे. ब्रेक ऑइल? 'चेक्ड ओके'. पुस्तकात दर २ वर्षांनी बदला लिहिलंय, म्हणजे आतापर्यंत तीनदा झालं पाहिजे होतं.

सर्व्हिस सेंटरला फोन केला तर तिथला अडव्हायझर म्हणतो, "सर तुमची गाडी चालतच नाही ना, म्हणून नाही बदललं". मग इंजिन ड्रेसिंग काय गाडी लय चालते म्हणून केलं का रे? "सर ते पॅकेजमध्ये येतं."

अरे बाबा, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्याला किलोमीटरशी काय देणंघेणं, गाडी कव्हरखाली उभी असली तरी ते ओढतच असतं. स्टँडर्डप्रमाणे नवीन डॉट ४ (ब्रेक ऑइलचा ग्रेड) कमीत कमी २३० डिग्रीपर्यंत उकळायला नको, तेच ३.७ टक्के पाणी शिरलं की १५५ ला उकळलं तरी चालवून घेतात. पायाचा जोर चाकापर्यंत न्यायचं काम या ऑइलचं; घाटात ब्रेक तापले की त्यात वाफ होते, मग जोर वाफ दाबण्यातच जातो आणि चाकाला ब्रेक लागतच नाही. आणि 'चेक' म्हणजे डबीतली लेव्हल बघितली, बस. लेव्हल बघून पाणी दिसतं होय? कूलंटचं विचारलं तर तेही नुसतं टॉप-अप करत आलेत.

शेवटी द्वारकेजवळच्या एका मेकॅनिककडे गेलो. चारही चाकांचं ब्लीडिंग केलं, म्हणजे जुनं ब्रेक ऑइल काढून नवीन भरलं, पाईपमधून निघालं ते कोऱ्या चहासारखं. ऑइल आणि मजुरी धरून ७०० रुपये. सातशे! त्या ड्रेसिंगला याच्यापेक्षा जास्त गेलेत.

खाली गाडी लावताना काका भेटलेच. सगळं सांगितलं, गड, एसटी, पेडल, सगळं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण घरापर्यंत लागले ना ब्रेक?"